रड नको, रेड दाखवा!

सर्वप्रथम एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी आपल्या मेसच्या मिक्स व्हेजसारखं आहे. कुठल्या घासात काय निघेल सांगता येत नाही. पण ‘तू बोलतेस तसंच लिही’ असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं, म्हणून हे धाडस. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे. मी स्वतः काहीही खेळत नाही (लेडीज हॉस्टेलचे तीन जिने हाच माझा व्यायाम), पण बघते मात्र सगळं. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स, अगदी रात्री दोन वाजता लागणारं तिरंदाजीसुद्धा!

आमच्या हॉस्टेलला टीव्ही एक आणि बघणाऱ्या मुली शंभराच्या वर. रात्री आठची वेळ ही परंपरेने सिरीयलवाल्यांची. पण प्रो कबड्डीचा सीझन सुरू झाला की आठलाच मॅच असते आणि मग रिमोटवरून जे काही होतं ते छापण्यासारखं नाही. शेवटी रेक्टर मॅडमनी तोडगा काढला, एक दिवस सिरीयल आणि एक दिवस मॅच. गंमत अशी झाली, की मॅचच्या दिवशी सिरीयलवाल्या उठून जाईनात! मी विचारलं तर एक जण म्हणाली, ‘‘अगं, यातही रडतात की.’’

खरं आहे. मॅचआधी एक फिल्म दाखवतात. गळकं छप्पर, चूल, चुलीपुढे बसलेली आई, डोळ्याला पदर, मागे बासरी. मग मुलगा स्लो मोशनमध्ये चिखलातून पळतो. मग पुन्हा आई. हे सगळं होईपर्यंत मैदानात एक-दोन चढाया झालेल्यासुद्धा असतात. तो मुलगा चढाई कशी करतो, उजव्या कोपऱ्याला बोनस कसा काढतो, त्याचा कुठला पाय लांब जातो, हे आपल्याला आपलं आपण शोधून काढायचं. माझी तक्रार आहे ती एवढीच.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई नाटकाच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. कबड्डीत टीव्हीने जे नाटक आणलं त्यातलं बरंचसं मला मनापासून आवडतं. माझे आजोबा हुतूतूवाले. त्यांच्या काळी दम हेच घड्याळ होतं. श्वास संपला की चढाई संपली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’, पॉइंट आणा नाहीतर बाहेर बसा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना चढाईवाल्याला पकडलं तर एकाऐवजी दोन पॉइंट, म्हणजे हरत आलेल्या संघालाही दार उघडं. आजोबा पहिली दोन वर्षं ‘हा काय तमाशा’ म्हणत होते. आता ते स्वतःच ओरडतात, ‘‘सुपर टॅकल ऑन आहे रे, घाई करू नका!’’ हे नाटक खेळाच्या पोटातून येतं. १ मार्च २०२४ ला आपल्या पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, तेव्हा शेवटची पाच मिनिटं कुणाची आई दाखवायची गरज पडली नाही. टीव्ही रूममधल्या शंभर मुली बासरीशिवाय रडायच्या बेतात होत्या.

‘आपला संघ’ म्हणजे काय, हा प्रश्न मला जरा जास्तच बोचतो. कारण मी अस्तित्वात नसलेल्या एका संघाची चाहती आहे. पुण्याची आयपीएल टीम! २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आली, २०१३ नंतर गेली. २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आली, आणि तीसुद्धा चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले म्हणून रिकाम्या जागेवर, थोडक्यात आपल्याकडच्या अ‍ॅड-हॉक लेक्चररसारखी. पहिल्या वर्षी खाली राहिल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला. सुपरजायंट! आणि खरोखर फायनलला गेले. २१ मे २०१७, हैदराबाद, समोर मुंबई इंडियन्स, मुंबईच्या फक्त १२९ धावा. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. शेवटच्या बॉलला चार हव्या होत्या. दोनच निघाल्या. एका धावेने हरलो. आणि मग संघ संपला. पुढच्या वर्षी बदला घ्यायला पुढचं वर्षच नव्हतं. माझी तेव्हा सहावी संपली होती. जांभळी जर्सी अजून कपाटात आहे, आता ती धाकट्या भावाला होते.

ती फायनल मी विसरणार नाही आणि त्यात कुणाच्याही गरिबीची गोष्ट नव्हती. करोडोंचे खेळाडू होते सगळे. तरी रडलेच ना मी? खेळ चांगला दाखवला की माणूस आपोआप गुंततो. मग कबड्डीवाल्याला, कुस्तीवाल्याला, धावणाऱ्याला वेगळा न्याय का? क्रिकेटरचा कव्हर ड्राइव्ह दाखवायचा आणि धावपटूच्या आईची चूल, हे काही मला पटत नाही.

अविनाश साबळेचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आपल्या कॉलेजात कुणालाही विचारा, सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते, की तो लहानपणी सहा किलोमीटर चालत शाळेत जायचा. छान. पण त्याची शर्यत कोणती, असं विचारलं तर दहातले आठ जण ‘मॅरेथॉन?’ म्हणतात. अहो, स्टीपलचेस! तीन हजार मीटर, त्यात अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. अडथळा साधारण ९१ सेंटीमीटर उंच, आणि हर्डल्ससारखा धक्का लागून पडत नाही, पक्का असतो. चुकलात तर तुम्ही पडता, तो पडत नाही.

२०२२ ची बर्मिंगहॅमची कॉमनवेल्थ फायनल शोधून बघा. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा स्पर्धांमध्ये या शर्यतीची तिन्हीच्या तिन्ही पदकं केनियाने नेली होती. दुसऱ्या कुणाला ब्राँझसुद्धा नाही! त्या केनियावाल्यांमध्ये हा घुसला. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो आणि अब्राहम किबिवॉट. किबिवॉट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२०. फरक ०.०५ सेकंद. मी मेकॅनिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. तीन हजार भागिले ४९१ म्हणजे सेकंदाला साधारण ६.१ मीटर सरासरी वेग. गुणिले ०.०५ म्हणजे तीस सेंटीमीटर! शेवटी वेग वाढतो म्हणून थोडं जास्त धरा. आठ मिनिटं पळून, पस्तीस उड्या मारून सोनं हुकलं ते एका फुटपट्टीने. आपण फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर मिनी ड्राफ्टरची पट्टी ठेवायचो ना, तेवढ्याच अंतराने. याच्यापुढे कुठला लेखक काय ट्रॅजेडी लिहिणार? आणि टीव्हीवर पुढचे दोन दिवस काय चाललं होतं, तर वीटभट्टी.

(मुलींच्या बाबतीत तर तेवढंही नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या फायनलला गेली, हीटमध्ये राष्ट्रीय विक्रम करून. १९८४ मध्ये पी. टी. उषा गेली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या फायनलमध्ये भारतीय! आमच्या मजल्यावर हे नाव फक्त तिघींना माहीत होतं, त्यातली एक मी.)

खाशाबा जाधवांचं तर काय सांगावं! दर चार वर्षांनी ऑलिंपिक आलं की ‘विस्मृतीत गेलेला हिरो’ म्हणून त्यांच्यावर लेख येतो. इतक्या नियमितपणे आठवण निघणारा माणूस विस्मृतीत कसा गेला, हे मला कळत नाही. दिल्लीच्या कुस्तीच्या हॉलला त्यांचं नाव आहे, २०२३ मध्ये त्यांच्या वाढदिवशी गूगलने डूडल केलं, १५ जानेवारी हा आता महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे. घर गहाण ठेवून त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी सात हजार रुपये उभे करणारे प्राचार्य खर्डेकर सगळ्यांना ठाऊक आहेत. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली तीही ठाऊक आहे. विसरलो आहोत आपण त्यांची कुस्ती.

ती अशी. कराडजवळच्या गोळेश्वरचा मातीतला पैलवान. १९४८ ला लंडनमध्ये मॅटवर उभा राहिला तो सवय नसताना, आणि तरी फ्लायवेटमध्ये सहावा आला. नंतर एक वजनगट वर चढला, म्हणजे आणखी मोठे प्रतिस्पर्धी. ढाक हा त्यांचा आवडता डाव. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि त्याला पाठीवर आणायचं. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीईबरोबर लांबलेली कुस्ती झाली, ती हरले. इशीईनेच पुढे सोनं घेतलं. आणि अंगातला घाम वाळायच्या आत पुकारा झाला, सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवबरोबर लगेच उभे राहा. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या अंगाने लढले, हरले, ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता मला सांगा, यातली जास्त चीड आणणारी गोष्ट कोणती? घर गहाण पडलं ती, की अर्धा तास मागायला माणूस नव्हता ती? गहाण घराने डोळे ओले होतात आणि तिथेच संपतं. अर्ध्या तासाने प्रश्न विचारावासा वाटतो, की मग सोबत गेलेली माणसं होती कुठे? पण हा प्रश्न बासरीबरोबर चांगला वाजत नाही.

बरोबर ७२ वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्याच राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं. लगेच सगळीकडे ‘धोनीसारखा रेल्वेत टीसी’! वर्कशॉपच्या सरांपासून मेसच्या काकांपर्यंत सगळ्यांना टीसी माहीत. पन्नास मीटरवरून गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही पद्धतींनी नेम धरायचा, आणि तिथे दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, हे किती जणांना माहीत? व्हर्नियर कॅलिपर हातात असताना ज्यांना १०.४ नीट वाचता येत नाही (नावं घेत नाही, बॅच बी) त्यांनी विचार करावा.

एवढी आग माझ्यात कुठून आली, ते आता सांगते. माझी रूममेट खो-खो खेळते. राज्य पातळीवर खेळली आहे, पायाला भिंगरी म्हणतात तशी. तीही बीड जिल्ह्यातलीच. आई-वडील ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की सहा महिने घराला कुलूप. हे मला पहिल्या वर्षी कळलंच नव्हतं, कारण ती सांगत बसत नाही. ती सांगते ते पळतीबद्दल. कोण कशी फसली, कुणाचा खो उशिरा आला, कुणाचा फाऊल पंचांनी दिला नाही.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या फायनलमध्ये ती तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली, नाबाद. खो-खो बघणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. समोर नऊ जणी, आठ बसलेल्या, एक मागे लागलेली, आणि प्रत्येक खोला मागे लागणारी नवी, ताज्या दमाची. तुम्ही मात्र त्याच. दोनशेवीस सेकंद!

त्यानंतर एका चॅनेलची माणसं आली. चॅनेलचं नाव लिहीत नाही. त्यांनी तिला गावी नेलं, थळात उभं केलं, हातात कोयता दिला आणि विचारलं, ‘‘आई ऊस तोडते तेव्हा तुला काय वाटतं?’’ ती काहीतरी बोलली. मग म्हणाली, ‘‘माझ्या पळतीचं इचारा की.’’ ते म्हणाले, हो हो, तेही घेऊ. बातमी लागली ती दोन मिनिटांची. मी घड्याळ लावून बघितली, सवय आहे मला. खेळ त्यात सात सेकंद. तेही दुसऱ्याच कुठल्या मॅचचं फुटेज, मुलं खेळत होती! आणि हो, बासरी.

आपल्या गॅदरिंगमध्ये तिचा सत्कार ठरला तेव्हा कमिटीला तीच क्लिप मोठ्या पडद्यावर लावायची होती. मी भांडले. म्हटलं, तिच्या कोचनी मोबाईलवर तिची पूर्ण पळती घेतली आहे, ती लावा. ‘ती कुणाला कळणार आणि आवाजही नीट नाही’ हे उत्तर. मी तणतणत रूमवर आले आणि तिला म्हटलं, तू स्टेजवर जाऊच नकोस, आपण बहिष्कार टाकू. ती बुटाची लेस ओवत होती. नवे बूट, चांगल्या कंपनीचे.

‘‘तू कशाला चिडायलीस?’’ ती म्हणाली. ‘‘हे बूट कुठून आले म्हायतंय? ती बातमी बघून एका माणसानं धाडले. वर्षाची मेसबी तोच भरायलाय. तीन मिनिटं चाळीस सेकंदावर कोण बूट देतंय? तुला राग परवडतो बाई, मला नाय परवडत.’’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. बूट खरे आहेत, मेसची पावतीही खरी आहे. पण म्हणून ती बातमी चांगली झाली असं मी म्हणणार नाही. आईचा फोन आला होता तेव्हा तिने खोलीतून बाहेर जाऊन घेतला, हे मी पाहिलं आहे. गावात बायका आईला विचारत होत्या, एवढं वाईट चाललंय का गं तुमचं? परत आल्यावर ती काही बोलली नाही, इलेक्ट्रॉनिक्सचं जर्नल पुरं करत बसली.

सत्काराला ती गेली. क्लिप लागली. मागच्या बाकांवरून कुणीतरी हुंदका दिल्याचा आवाज काढला आणि लोक हसले. ती शाल घेऊन खाली उतरली आणि सरळ मेसमध्ये जेवायला गेली, कारण उशीर झाला की पोळ्या संपतात.

त्याच रात्री, साडेअकराला, आमच्या मजल्यावर तिने पळती समजावून सांगितली. मीच मागे लागले होते. कॉरिडॉरमध्ये आठ चपला ओळीने मांडल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. झाडू एका टोकाला आणि बादली दुसऱ्या टोकाला, हे खांब. कोचनी घेतलेला व्हिडिओ तिच्या मोबाईलवर चालू होता. वारा आणि ओरडण्याशिवाय त्यात काहीच ऐकू येत नाही, हे कमिटीचं म्हणणं खरं आहे. ‘‘हे बघ, पैले दोन मिनिटं चेन,’’ ती चपलांमधून नागमोडी सरकत म्हणाली. ‘‘बसलेलीच्या पाठीला घासून जायचं, म्हंजे खो द्यायला तिला हात लांब करायला लागतो. तेवढ्यात आपण पुढं. मारणारीला मधून जाता येत नाय, आपल्याला येतं. तिला मागं फिरता येत नाय, आपल्याला येतं. एवढंच हाय आपल्याकडं.’’ दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर तिने व्हिडिओ थांबवला. तिथे ती खांबाकडे निघाली आहे असं स्पष्ट दिसतं, मागची उंच मुलगी सूर मारायच्या तयारीत आहे, आणि ही अचानक डावीकडे वळते. सूर रिकामा जातो. ती मुलगी मातीत आडवी.

‘‘इथं डावीकडंच का?’’ मी विचारलं.

‘‘तिचं उजवं ढोपर बांधलेलं होतं. सूर मारताना ती उजव्या पायावर जोर देत नव्हती, हे मी पैल्या टर्नलाच बघितलं होतं.’’

तोपर्यंत आजूबाजूच्या खोल्यांमधून सात-आठ जणी बाहेर आल्या होत्या. त्यात सिरीयलवाल्याही होत्या. एकीने विचारलं, पुन्हा दाखव ना. मग चपलांच्या जागी खऱ्या मुली बसल्या, नाईट सूट घालून, आणि मारणारी म्हणून मला उभं केलं. मी तिला एकदाही शिवू शकले नाही. चौथ्या वेळेला झाडूशी मी पायात पाय अडकून पडले, बादली सांडली आणि खालच्या मजल्यावरून रेक्टर मॅडमचा आवाज आला. सगळ्या आपापल्या चपला उचलून पसार झाल्या.